पिशव्यांची पिशवी आणि बाकीचं पर्यावरण

मराठी मध्यमवर्गीय स्वयंपाकघराच्या दारामागे एक खिळा असतो आणि त्या खिळ्याला एक टम्म फुगलेली पिशवी लटकत असते. तिच्यात पिशव्या असतात. लग्नात नारळाबरोबर मिळालेली, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांची नावं छापलेली, साडीच्या दुकानाची, सहकारी बँकेच्या सुवर्णमहोत्सवाची, मधुमेह तपासणी शिबिराची. तळाशी एखादी परिसंवादात वाटलेली, हिरव्या अक्षरांत ‘प्लास्टिक टाळा’ असा उपदेश करणारीही सापडते. ती हाताला कापडासारखी लागते, पण तो न विणलेला पॉलीप्रॉपिलीन असतो, म्हणजे प्लास्टिकच. एवढा साठा घरात ठेवून कर्ता पुरुष मंडईत मोकळ्या हाताने जातो, तिथे दहा रुपयांना आणखी एक पिशवी घेतो आणि घरी येऊन ती त्याच खिळ्याला लावतो. खिळा पक्का असतो. भिंतीला तडा गेलेला असतो.

महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली ती २३ मार्च २०१८ रोजी आणि कारवाई सुरू झाली तीन महिन्यांनी, २३ जूनला. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार आणि तीन महिने कैद. त्या पहिल्या आठवड्यात शहरांनी जे पाहिलं ते पुन्हा दिसणार नाही. माणसं मासळीबाजारात स्टीलचे डबे घेऊन गेली. इडलीचं पीठ कडीच्या डब्यातून आलं. पाच हजारांच्या भीतीने सभ्य गृहस्थांनी कोथिंबीर शर्टाच्या खिशात खोचून आणली. पुढे पावसाळा सरला, दंड करणारे निवडणुकीच्या कामाला लागले आणि भाजीवाल्याच्या गोणपाटाखाली काळ्या पातळ पिशव्या परतल्या. त्या मागायची भाषा आता वेगळी आहे. गिऱ्हाईक तोंडाने काही बोलत नाही, टोमॅटोकडे आणि मग भाजीवाल्याकडे बघतं. भाजीवाला डावीउजवीकडे बघतो. व्यवहार पुरा होतो.

कापडी पिशवीचा हिशेब मांडण्याचा उद्योग युरोपात झालेला आहे. सुती पिशवीला तो लाज आणतो. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ साली सांगितलं की एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावर कमी भार टाकायचा असेल तर सुती पिशवी १३१ वेळा वापरायला हवी. प्लास्टिकची पिशवी घरी आणल्यावर कचऱ्याच्या डब्याला आतून लावली असेल तर हाच आकडा ३२७ होतो. मराठी घरात ती डब्याला लावली नाही असं कधी झालंय? डेन्मार्कने २०१८ मध्ये आणखी बारकाईने पाहिलं. नुसतं हवामान पाहिलं तर ५२ खेपांत सुटका आहे, पण पाणी, ओझोनचा थर वगैरे सगळी खाती तपासली तर साध्या सुती पिशवीला ७,१०० वेळा आणि सेंद्रिय कापसाच्या पिशवीला २०,००० वेळा बाजार करावा लागतो. आठवड्याला एक मंडई धरली तर ७,१०० खेपांना १३६ वर्षं लागतात. पणजोबांनी कांदे आणायला सुरुवात करावी आणि खापरपणतूने हिशेब मिटवावा.

हे आकडे ऐकल्यावर काही मंडळींना काळ्या पिशवीबद्दल एकदम प्रेम वाटू लागतं. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी: या हिशेबात गटार धरलेलं नाही आणि गाईचं पोटही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईचे नाले ज्या अनेक गोष्टींनी तुंबले त्यांत या पिशव्या होत्या. पुढच्याच वर्षी राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. डेन्मार्कच्या गणितात मिठी नदी नाही.

दोन्ही हिशेबांतून निर्दोष सुटणारी पिशवी मात्र पुण्यात सदाशिव पेठेत आणि मुंबईत गिरगावात शिवून तयार होती: जुन्या पँटच्या पायाची. कापूस पिकवणं, सूत, रंग, विणकाम हा सगळा खर्च पँटच्या खात्यावर आधीच पडलेला. पँटने दहा वर्षं कचेरी केली, मग गुडघ्यावर विरली, मग शिलाई मशीनखाली जाऊन पिशवी झाली. कुणी खिसाही तसाच ठेवी, सुट्ट्या पैशांसाठी. ही पिशवी दिसायला अत्यंत वाईट असते आणि तिचं तेच वैशिष्ट्य आहे. ती कोणी चोरत नाही, उसनी मागत नाही, ती हरवत नाही. साड्यांची सोय वेगळी होती. मऊ झालेल्या नऊवारीची गोधडी व्हायची. उरलंसुरलं बोहारणीकडे जायचं आणि तिथे दोन पँटी, एक बुशकोट आणि जरीची किनार यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं मिळवण्यासाठी घरच्या बाईने दारात पाऊण तास जी मुत्सद्देगिरी दाखवली, तिची नोंद परराष्ट्र खात्याने घ्यायला हवी होती.

आता घराघरात पर्यावरण विकत आणलं जातं. बांबूचा ब्रश येतो, त्याला बांबूचाच उभा डबा येतो, दोन्ही मिळून खोक्यात येतात आणि खोक्यात धक्का लागू नये म्हणून फुगवलेलं प्लास्टिक येतं. ब्रशचे केस बहुधा नायलॉनचे असतात, ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत असते किंवा नसते. स्टीलच्या स्ट्रॉचा संच, सोबत तो धुवायचा ब्रश, हाही येतो, आणि अशा घरात येतो जिथे तीन पिढ्यांत कोणी स्ट्रॉने काही प्यायलेलं नाही. ताक भांड्याने आणि शहाळं थेट तोंडाला लावून, मानेवर ओघळ घेत, हीच पद्धत. शून्यातून शून्य वजा करायला चारशे रुपये पडतात.

याउलट ज्या घरात दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन सिंकच्या वरच्या फरशीला चिकटवलेल्या दिसतात, तिथे पर्यावरणाचं नाव कोणी काढत नाही. त्या वाळतात, घडी होतात, किलोभर साठल्या की रद्दीवाल्याकडे जातात. रद्दीवाला त्या तानकाट्याला लावतो आणि काटा नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूने उभा राहतो. राज्य सरकारने २०१८ मध्ये दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची कल्पना मांडली होती. पन्नास पैशांचं नाणं कुठून आणायचं, यावर दूधवाले आणि गिऱ्हाईक यांचं एकमत झालं आणि कल्पना तिथेच विरजली. पण एक साधी गोष्ट सगळ्यांच्या हातात आहे. पिशवीचा कोपरा कापताना तो पुरता तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो नखाएवढा त्रिकोण वेगळा झाला की कचरावेचकाला वेचता येत नाही, कोणत्याही यंत्राला सापडत नाही, तो थेट नाल्यात जातो. हे ऐकून बऱ्याच घरांतल्या सासूबाई म्हणतात, “मी तर कायम तसाच कापते.” सुना काही बोलत नाहीत.

स्वयंपाकघरातली खरी कर्तबगारी सालींमध्ये आहे. दोडक्याच्या शिरांची चटणी हा पदार्थ ज्याने पहिल्यांदा केला त्याला दोडका आवडत नसावा. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, शिळ्या पोळ्यांचा फोडणीचा कुस्करा. आणि फोडणीचा भात तर असा की तो मिळावा म्हणून रात्री मुद्दाम जास्त तांदूळ लावले जातात. शिल्लक संपवण्यासाठी शिल्लक निर्माण करण्याचा हा प्रकार अर्थशास्त्रात बसत नाही, पण चवीत बसतो. याच घरात प्रेशर कुकरमध्ये एकावर एक तीन डबे चढतात. खाली वरण, मध्ये भात, वर बटाटे, एकाच गॅसवर, तिन्ही. भारतातलं इतकं शांतपणे यशस्वी झालेलं ऊर्जाबचतीचं यंत्र दुसरं नाही. फक्त शिट्ट्यांचा हिशेब कधी जुळत नाही. चार झाल्या की तीन, हे दूरदर्शनच्या आवाजावर अवलंबून असतं.

सालींवरून सध्या एक नवं घरगुती रसायनशास्त्र सुरू आहे. त्याचं नाव बायोएन्झाइम, जन्म थायलंडचा. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-संत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. मग फरशी पुसायला, बेसिन घासायला ते पातळ करून वापरायचं. कृती सोपी आहे, पण पहिला महिनाभर आत वायू तयार होत असतो म्हणून झाकण रोज थोडं सैल करायचं असतं. ही शेवटची ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवताना गळते. त्यामुळे भर दुपारी ओट्याखालून धाडकन आवाज येतो, संत्र्याच्या साली छतापर्यंत जातात आणि पुढचे दोन तास जे पुसायचं असतं ते साध्या फिनेलनेच पुसलं जातं.

इथपर्यंत आलं की विनोदी लेखातसुद्धा कोणीतरी आजीला पुढे करतं. आजी किती पर्यावरणपूरक जगली! हे थोडं आवरतं घ्यायला हवं. आजीला रिठा आणि शिकेकाई वापरावी लागली, कारण शाम्पू नव्हता. चिंचेने तांब्याची भांडी घासली, कारण चिंच दारात होती. काथ्याने घासलं, राखेने घासलं आणि नायलॉनची घासणी बाजारात आल्या दिवशी आजीने ती घेतली. आजीचा तांब्याचा बंब लाकडं, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या आणि प्रसंगी जुन्या वह्या खाऊन सगळ्या वाड्यात धूर करत असे. संध्याकाळी अंगणातला पाचोळा पेटवून दिला जाई आणि त्या धुराने डास पळतात असं सांगितलं जाई. डास पळत नसत. शेजारी पळत. आजीकडून घ्यायचं ते तिचं पुण्य नव्हे, तिचा कंजूषपणा. तो मात्र जातिवंत होता आणि आज बाजारात मिळत नाही.

शिवाय ‘शिळं पाणी’ ही आजीचीच देणगी. सकाळी उठून कालचं भरलेलं पिण्याचं पाणी ओतून द्यायचं, माठ-कळशी-पिंप विसळून ताजं भरायचं. आता पुण्यातल्या नळाला जे ‘ताजं’ पाणी एप्रिलमध्ये येतं ते पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांत आदल्या पावसाळ्यात साठलेलं असतं. आठ महिने धरणात, एक दिवस शुद्धीकरण केंद्रात आणि एक रात्र पिंपात. या सगळ्या प्रवासात ते शिळं कधी होतं? फक्त त्या शेवटच्या रात्री. शहरात पाणीकपात जाहीर झाली की याची गंमत वाढते. उद्या पाणी नाही म्हणून लोक आज घागरी, बादल्या, पातेली, कुकर, मुलांच्या पाण्याच्या बाटल्या सगळं भरून ठेवतात, आणि परवा पाणी आलं की ते सगळं मोरीत ओततात. कपातीच्या दिवशी शहराची गरज वाढते ती अशी.

आजीच्या मोरीचं काम पुढे आरओ यंत्राने हाती घेतलं. घरगुती आरओ एक लिटर पिण्याजोगं पाणी देताना साधारण तीन लिटर बाजूच्या नळीतून सोडून देतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितलं की जिथल्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार विरघळलेले आहेत तिथे आरओवर बंदीच आणा. मुंबईला तलावांतून आणि पुण्याला खडकवासल्यातून येणारं महापालिकेचं पाणी या आकड्याच्या खूप खाली असतं. ज्यांना बोअरचं किंवा टँकरचं पाणी प्यावं लागतं, ज्यांच्या बादलीवर पांढरा थर चढतो, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना यंत्र हवं. पण मग गोड पाण्याच्या गल्ल्यांमध्ये ही यंत्रं पोहोचली कशी? विक्रेता घरी येतो. दोन पेले घेतो, एकात नळाचं पाणी, एकात यंत्राचं. दोन्हींत लोखंडी दांड्यांचं एक उपकरण बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, मग शेवाळी, मग बघवणार नाही असं होतं. यंत्राचं पाणी मात्र निर्मळ राहतं. गृहिणी पदर तोंडाला लावते, चेकबुक बाहेर येतं. होतं एवढंच, की क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड गंजून पाण्यात उतरतं. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून काही घडत नाही. तपकिरी दिसतो तो विक्रेत्याचा दांडा. दहावीच्या विज्ञानात याला विद्युत अपघटन म्हणतात आणि त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो. मुलगा तो पाठ करत आतल्या खोलीत बसलेला असतो.

ज्या घरात यंत्र आहेच तिथे निदान त्या नळीखाली बादली ठेवता येते. ते पाणी फरशीला, संडासाला, सायकल धुवायला चालतं. काही घरांत ती बादली इतक्या निष्ठेने ठेवतात की दुपारी ती भरून वाहते आणि तेच पाणी पुसायला आणखी एक बादली लागते.

विजेच्या बाबतीत प्रत्येक घरात एक गस्त असते. साठीच्या पुढचे गृहस्थ खोल्याखोल्यांतून फिरतात आणि दिवे मालवतात. न्हाणीघरात माणूस असला तरी मालवतात, मग आतून आवाज येतो, मग लावतात. हे व्रत साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या काळात घेतलेलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, नऊ वॅटचे एलईडी घरोघर पोहोचले, पण गस्तीला तसं कोणी कळवलं नाही. इकडे गिझर दोन हजार वॅटचा. तो एक मिनिट जास्त चालला की त्यात एक एलईडी साडेतीन तासांहून अधिक जळू शकतो. गृहस्थ बाल्कनीतला दिवा बंद करण्यासाठी उठतात तेव्हा त्यांच्या आंघोळीचा गिझर चाळीस मिनिटं चालू असतो, कारण ‘पाणी कडकडीत लागतं’. आणि मग त्या कडकडीत पाण्यात अर्धी बादली गार पाणी मिसळून आंघोळ होते.

छताकडे तर कोणी बघतच नाही. जुना पंखा पूर्ण वेगात ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा तीसेक वॅटमध्ये देतो. दिवसाला पंधरा तास पंखा फिरला, आणि मुंबईत तो फिरतोच, तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. बांबूच्या ब्रशने आणि स्टीलच्या स्ट्रॉने आयुष्यभरात जे साधणार नाही ते हा पंखा एका उन्हाळ्यात साधतो, फक्त त्याच्याबरोबर कोणी फोटो काढत नाही. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकन सक्तीचं झालं आहे. एसीवर ते आधीच होतं, आणि २०२० पासून नवा एसी सुरू केला की २४ अंशांवरच सुरू होतो. एक अंश वर नेला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. त्यावर घरोघरी उपाय असा: एसी लावायचा, रिमोटने २४ वरून १८ वर आणायचा, आणि मग कपाटातून गोधडी काढायची. वर ज्या नऊवारीचा उल्लेख झाला, तिचा उपयोग अखेर हा.

तिकडे भाद्रपदात पर्यावरण घराघरात बादलीतून येतं. गणपतीची मूर्ती शाडूची आणली तर विसर्जनाचा प्रश्न मिटतो. पाण्यात ती विरघळते आणि तळाशी बसलेली माती वाळवून पुन्हा मूर्तिकाराला देता येते. द्यावीही, कारण शाडू काही पेणच्या खाडीत पिकत नाही, ती गुजरातेतून ट्रकने येते. पण घरात प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आली असेल तर ती महिनोन् महिने पाण्यात तशीच राहते. यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तोडगा काढला: अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तीच पूड. मूर्तीच्या वजनाइतकी पूड पाण्यात मिसळायची, मूर्ती त्यात बुडेल एवढी मोठी बादली घ्यायची, अधूनमधून ढवळायचं, आणि एकदोन दिवसांत प्लास्टरचं रूपांतर खडूच्या भुकटीत आणि अमोनियम सल्फेटच्या द्रावणात होतं. पुणे महापालिका ही पूड लोकांना फुकट वाटत आली आहे.

शास्त्र चोख आहे. अडचणी कौटुंबिक आहेत. एवढी मोठी बादली घरात एकच असते आणि ती धुण्याची असते, त्यामुळे दोन दिवस कपडे तुंबतात. वासाने नाक चुरचुरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत डोकावायचं कोणी, यावर घरात भक्कम मतभेद असतात. आजोबा आरतीच्या ताटाकडे बघत बसतात, आई म्हणते मला चहा टाकायचाय, आणि शेवटी अकरावीतल्या विज्ञान शाखेला पाठवलं जातं. ती हात जोडते, ढवळते आणि बाहेर येऊन अहवाल देते, “प्रक्रिया चालू आहे.” रंग मात्र विरघळत नाहीत, ते गाळून वेगळे काढावे लागतात. वर उरलेलं द्रावण म्हणजे शेतकरी विकत घेतो ते खत. दसपट पाणी घालून कुंड्यांना द्यायचं असतं. एका हातभर मूर्तीपासून बादलीभर खत तयार होतं आणि घरात कुंड्या असतात दोन: एक तुळस, एक कढीपत्ता. कढीपत्ता दिवाळीपर्यंत खिडकीच्या गजांबाहेर जातो.

खतावरून गाडी ओल्या कचऱ्यावर येते, कारण सोसायटीत खरा संघर्ष तिथे आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन वाटे सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. यातलं ओलं-सुकं हे शब्दशः घेणारे लोक आहेत. ते नारळाची शेंडी सुक्यात टाकतात कारण ती सुकी असते, आणि पावसात भिजलेला पुठ्ठा ओल्यात टाकतात. चहापत्तीच्या पिशवीवर तर एका सोसायटीच्या गटात दिवसभर चर्चा चालली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा घेते. संस्थेच्या मालक कचरावेचकच. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे हाताने वर्गीकरण करणाऱ्या बाईला ते उघडावं लागणार नाही, एवढी त्यांची मागणी. काम दहा सेकंदांचं आहे. लाल पेन शोधायला अर्धा तास लागतो, हे खरं, पण तेच पेन कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडायला रोज सापडतं.

कचरा गोळा करणाऱ्या ताई तोंडाने काही म्हणत नाहीत. मिसळलेला डबा समोर आला की त्या झाकण उघडून, मालकिणीकडे बघून, झाकण परत लावतात. सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या सतरा सूचनांना जे जमलं नाही ते या झाकणाने जमवलं आहे.

ओल्या कचऱ्यावर महाराष्ट्रात फार मोठी डोकी राबली आहेत. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांनी ‘विपुलाच सृष्टी’ सांगितली, उसाच्या चिपाडावर आणि स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर गच्चीत भाजी घेता येते हे आपल्या ‘प्रयोग परिवार’ या गटातल्या माणसांना करून पाहायला लावलं. पुण्यात आनंद कर्व्यांनी गोबरगॅसचाच विचार उलटा करून पाहिला. जनावराच्या पोटात जे जिवाणू गॅस बनवतात त्यांना आपण जनावराने पचवून टाकलेलं शेण का घालतो, थेट पीठ, खरकटं, सडकं धान्य का नाही? चाळीस किलो शेणाला चाळीस दिवसांत जमायचं ते दोन किलो पिष्टमय खाद्य एका दिवसात जमवू लागलं. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेला या छोट्या संयंत्राबद्दल २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

एवढी परंपरा पाठीशी असताना सोसायटीतला खतखड्डा तयार होतो तो मालमत्ता करातल्या सवलतीसाठी. पुण्यात गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल यांपैकी एक केलं तर पाच टक्के, दोन केले तर दहा टक्के सूट. खड्डा होतो, अधिकारी बघून जातात, सूट लागते, आणि मग खड्ड्यात शिपायाची सायकल उभी राहते. पण काही ठिकाणी कोणीतरी हट्टी बाई असतात. त्या रोज खाली उतरतात, ओल्या थरावर वाळक्या पानांचा थर देतात, सुरुवातीला आंबट ताक शिंपडतात, वास आला तर पानं वाढवतात, कोरडं पडलं तर पाणी देतात. यापलीकडे त्यात गूढ काही नाही. तिसऱ्या आठवड्यात अळ्या दिसतात आणि पहिल्या मजल्यावरून तक्रारअर्ज येतो. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. हे बाई अर्जाच्या उत्तरात लिहितात. पहिला मजला उत्तराला उत्तर लिहितो. सहा-आठ आठवड्यांत खालून काळंभोर, मातीचा वास येणारं खत निघतं.

आणि मग सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक अकरा येतो: खताचं काय करायचं. फुकट वाटावं, असं एक मत. फुकट दिलं की किंमत राहत नाही, किलोला दहा रुपये लावा, असं दुसरं. कचरा आमचा, मग पैसे आम्हीच का द्यायचे, असं तिसरं, त्याला टाळ्या. तळमजल्यावरच्या काकांचा मुद्दा तात्त्विक होता: यात सगळ्या बिऱ्हाडांचा कचरा एकत्र झालेला आहे, काहींच्या घरी सामिष असतं, आपल्या तुळशीला ते कसं चालेल? आणि खुद्द खजिनदार नर्सरीतून ऐंशी रुपयांची पिशवी घेऊन आले होते, कारण तिच्यावर गुलाबाचं चित्र होतं. पाऊण तासाने अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेसाठी राखून ठेवला. माळीबुवा तेव्हा मागच्या फाटकाशी टेम्पो भरत होते. भरली होती ती दोन पोती, मुळशीकडच्या वांग्यांसाठी.